कुटुंबातील इतिहास आणि त्वचेचा कर्करोग



बियाणे खरेदी करताना आपण त्याचे मूळ विचारतो. गाय घेताना तिच्या आईचे दूध किती होते, वळू कोणत्या जातीचा होता याची बारकाईने चौकशी करतो. घरातील माणसांच्या आजाराबाबत मात्र अशी चौकशी सहसा होत नाही. आजोबांच्या पायाला न भरणारी जखम होती, आजीच्या ओठावर काहीतरी आले होते, मामाचा एक मुलगा लहानपणीच वारला, एवढेच आठवते. आजार कोणता होता, तो कोणत्या वयात झाला हे कोणी लिहून ठेवत नाही. त्यामुळे दवाखान्यात "घरात पूर्वी कोणाला असा आजार होता का?" असे डॉक्टरांनी विचारले की आपण "नाही" असे सांगून मोकळे होतो.

त्वचेच्या कर्करोगाच्या बाबतीत या प्रश्नाला विशेष महत्त्व आहे. हा आजार काही घराण्यांत पुन्हा पुन्हा आढळतो. मात्र त्याची कारणे दोन प्रकारची असतात. काही वेळा आजाराचा कल रक्तातून, म्हणजे जनुकांतून, पुढच्या पिढीत उतरतो. काही वेळा रक्तातून काहीच उतरत नाही. एकच शेत, एकच विहीर, एकच पोशाख आणि एकच राहणी पिढ्यान्‌पिढ्या चालत राहते व आजारही तिच्याबरोबर येतो. या दोन्हींवरील उपाय वेगवेगळे आहेत. म्हणून आपल्या घरात यांपैकी काय आहे, हे ओळखण्याची रीत या लेखात दिली आहे.

त्वचेच्या कर्करोगाची ओळख

आपली त्वचा सतत झिजते आणि नवी होते. जुन्या पेशी गळून पडतात व त्यांची जागा नव्या पेशी घेतात. या पेशींच्या वाढीवरील ताबा सुटला, म्हणजे गाठ किंवा न भरणारी जखम तयार होते. यालाच त्वचेचा कर्करोग म्हणतात. त्याचे मुख्य प्रकार तीन आहेत.

१) बेसल पेशींचा कर्करोग : त्वचेच्या सर्वांत खालच्या थरातील पेशींपासून होतो. बहुधा चेहऱ्यावर येतो, सावकाश वाढतो आणि शरीरात इतरत्र क्वचितच पसरतो.

२) स्क्वेमस पेशींचा कर्करोग : वरच्या थरातील चपट्या पेशींपासून होतो. खालचा ओठ, कान, हाताची मागची बाजू, जुने व्रण आणि भाजल्याच्या खुणा या जागी आढळतो. दुर्लक्ष केल्यास जवळच्या अवधाणाच्या गाठींत पसरतो.

३) मेलॅनोमा : त्वचेला रंग देणाऱ्या पेशींपासून होतो. प्रमाण कमी असले तरी हा सर्वांत घातक आहे, कारण तो लवकर पसरतो.

त्वचेच्या रंगद्रव्याला मेलॅनिन म्हणतात. सूर्याच्या अतिनील किरणांपासून ते त्वचेचे रक्षण करते. आपल्या सावळ्या व गव्हाळ त्वचेत ते भरपूर असल्यामुळे गोऱ्या लोकांच्या मानाने आपल्याकडे हा रोग बराच कमी आहे. ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंड या देशांतील गोऱ्या लोकांत मेलॅनोमाचे प्रमाण जगात सर्वाधिक आहे. परंतु "आपल्याला हा रोग होतच नाही" ही समजूत चुकीची आहे. याच समजुतीमुळे आपल्याकडे रोगी उशिरा दवाखान्यात येतात.

जनावरांतील दोन दाखले

आनुवंशिकतेचा विषय समजण्यासाठी आधी पशुपालनातील दोन उदाहरणे पाहू.

हेरफर्ड ही परदेशी गोवंशाची जात पांढऱ्या तोंडाची आहे. प्रखर उन्हाच्या प्रदेशात या जनावरांना डोळ्यांचा व पापण्यांचा कर्करोग होतो. ज्यांच्या पापण्यांच्या कडा गडद रंगाच्या असतात त्यांना तो कमी होतो आणि पापण्यांचा हा रंग आनुवंशिक असतो. येथे प्रत्यक्ष कर्करोग वारशाने येत नाही. रंगाची उणीव वारशाने येते आणि पुढचे काम ऊन करते.

दुसरे उदाहरण घोड्यांचे. काही घोडे गडद रंगाचे जन्मतात आणि वयाबरोबर पांढरे होत जातात. अशा घोड्यांत १५ वर्षांच्या वयानंतर बहुसंख्य जनावरांना मेलॅनोमाच्या गाठी येतात, आणि त्याही मुख्यतः शेपटीखाली, जेथे ऊन फारसे पोचत नाही. रंग पांढरा करणारा जनुकातील बदलच या गाठींना कारणीभूत असल्याचे स्वीडनमधील शास्त्रज्ञांनी २००८ मध्ये दाखवून दिले. येथे वारसा हेच मुख्य कारण आहे; उन्हाचा संबंध नाही.

माणसांतही हे दोन्ही प्रकार आढळतात.

सुप्त गुण : पांढऱ्या रोपाचा धडा

मक्याच्या एकाच वाणाचे स्वपरागीकरण करत गेल्यास पुढच्या पिढीत काही रोपे पांढरीफटक उगवतात. त्यांच्यात हरितद्रव्य नसते, म्हणून बियाण्यातील अन्न संपताच ती मरतात. ज्या झाडांपासून हे बी आले ती मात्र हिरवीगार असतात. पांढरेपणाचा गुण त्यांच्यात लपलेला, म्हणजे सुप्त असतो. दोन्ही बाजूंनी तोच सुप्त गुण एकत्र आला, तरच तो रोपात दिसतो.

माणसांतील पुढील दोन विकार याच नियमाने चालतात.

अ) जन्मजात रंगहीनता, म्हणजे अल्बिनिझम : या मुलांची त्वचा जन्मापासून सर्वांगाने पांढरी-गुलाबी, केस पांढरे किंवा पिवळसर आणि डोळे फिकट असतात. डोळे सतत हलतात, उजेड सहन होत नाही आणि नजर अधू असते. त्वचेत मेलॅनिन नसल्यामुळे किंवा फार कमी असल्यामुळे उन्हाने ती होरपळते. योग्य संरक्षण न मिळाल्यास तरुण वयातही त्वचेचा कर्करोग होऊ शकतो. आफ्रिकेतील उष्ण देशांत अशा व्यक्तींच्या अकाली मृत्यूचे हे एक प्रमुख कारण आहे.

पुष्कळ ठिकाणी अल्बिनिझम आणि कोड यांत गल्लत केली जाते. कोड नंतर उद्भवते आणि त्यात ठरावीक जागी पांढरे डाग पडतात. कोड संसर्गजन्य नाही आणि ती कर्करोगाची पहिली पायरीही नाही.

ब) झिरोडर्मा पिगमेंटोजम : व्हिएन्ना येथील त्वचारोगतज्ज्ञ मोरिट्झ कापोसी यांनी १८७४ मध्ये या विकाराचे वर्णन केले. उन्हाने पेशीतील डीएनएला इजा होते, ती निरोगी शरीर रोज दुरुस्त करत असते. या मुलांत ही दुरुस्तीची यंत्रणाच सदोष असते, हे जेम्स क्लीव्हर यांनी १९६८ मध्ये अमेरिकेत सिद्ध केले. बाळ जन्मतः सर्वसाधारण दिसते. पहिल्या एक-दोन वर्षांत चेहरा, मान व हात यांवर बारीक काळे-तपकिरी ठिपके दाट उमटतात, त्वचा कोरडी पडते, डोळे लाल होतात आणि उजेडात उघडवत नाहीत. काही मुलांना थोड्या उन्हातही फोड येतात. संरक्षण न केल्यास वयाच्या दहा वर्षांच्या आतही कर्करोग होतो. हा विकार दुर्मिळ आहे. परंतु दोन वर्षांच्या आतील मुलाच्या चेहऱ्यावर असे दाट ठिपके दिसल्यास ते "वांग" समजून सोडून देऊ नयेत.

या दोन्ही विकारांत आई-वडील निरोगी असतात, पण दोघेही सुप्त गुणाचे वाहक असतात. अशा जोडप्याच्या प्रत्येक गरोदरपणात अपत्य विकारग्रस्त होण्याची शक्यता ४ पैकी १, वाहक होण्याची ४ पैकी २ आणि गुणापासून पूर्ण मुक्त असण्याची ४ पैकी १ असते. हे प्रमाण प्रत्येक वेळी नव्याने लागू होते. "एक मूल तसे झाले, आता पुढची तीन चांगली होतील" असा हिशेब चालत नाही.

यात आईचा आणि वडिलांचा वाटा अगदी सारखा असतो. गरोदरपणी ग्रहण पाळले नाही, अमुक पदार्थ खाल्ला, नजर लागली, अशा कारणांनी आईला दोष देण्याला कोणताही आधार नाही. या समजुतीपायी पुष्कळ स्त्रियांना उगाच छळ सोसावा लागतो, तो थांबला पाहिजे.

नात्यातील लग्ने आणि जोखमीचा हिशेब

शेळ्यांच्या कळपात एकच बोकड वर्षानुवर्षे ठेवू नये, तो दर दोन वर्षांनी बदलावा, ही शिफारस आपल्या परिचयाची आहे. बोकडाचा संबंध त्याच्याच पाठींशी आला म्हणजे लपलेले दोष वर येतात. माणसांतही जवळच्या नात्यातील लग्नात दोघांकडे एकाच पूर्वजाकडून आलेला तोच सुप्त गुण असण्याची शक्यता वाढते. महाराष्ट्रात अनेक समाजांत मामाच्या मुलीशी लग्न करण्याची चाल आहे. सख्ख्या आते-मामे भावंडांत सरासरी एक अष्टमांश जनुके समान असतात.

याचा अर्थ नात्यातील प्रत्येक लग्नातून सदोष मूल जन्मते असा नाही. बहुतेक मुले निरोगीच असतात. मात्र घरात एखादे विकारग्रस्त मूल आधीच जन्मलेले असेल तर हिशेब बदलतो. एक उदाहरण पाहू.

समजा, एका घरात मुलाला अल्बिनिझम आहे. त्याची बहीण निरोगी आहे. ती वाहक असण्याची शक्यता ३ पैकी २ आहे. तिचे लग्न सख्ख्या आत्याच्या मुलाशी ठरवले. आत्या वाहक असण्याची शक्यता २ पैकी १, म्हणून तिचा मुलगा वाहक असण्याची ४ पैकी १. दोघेही वाहक निघाले तर अपत्य विकारग्रस्त होण्याची शक्यता ४ पैकी १. या तिघांचा गुणाकार केला तर २४ पैकी १ एवढी जोखीम येते. तिचे लग्न नात्याबाहेर झाले तर? सर्वसाधारण लोकांत सुमारे ७० माणसांत १ वाहक असतो, असा स्थूल अंदाज धरला तर जोखीम सुमारे ४२० पैकी १ एवढीच राहते.

म्हणून ज्या घराण्यात असे मूल आहे त्यांनी आपसांतील लग्ने टाळावीत आणि लग्न ठरविण्यापूर्वी वैद्यकीय महाविद्यालयात किंवा जनुकीय सल्ला केंद्रात विचारणा करावी. अल्बिनिझम असलेल्या व्यक्तीचे लग्न, तोच गुण नसलेल्या बाहेरच्या व्यक्तीशी झाल्यास सर्व अपत्ये वाहक असतील, पण विकारग्रस्त होणार नाहीत. तेव्हा अशा मुला-मुलींची लग्ने होऊच नयेत, ही समजूत सोडून द्यावी.

प्रभावी गुण : आई किंवा वडिलांकडून थेट

काही गुण प्रभावी असतात. ते आई किंवा वडील यांपैकी एकाकडून आले तरी पुरे होते. प्रत्येक अपत्यात ते उतरण्याची शक्यता २ पैकी १ असते.

इंग्लंडमधील डॉक्टर विल्यम नॉरिस यांनी १८२० मध्ये मेलॅनोमाच्या एका रोग्याची हकीकत प्रसिद्ध केली. त्याचे वडीलही अशाच रोगाने वारले होते आणि कुटुंबातील इतरांच्या अंगावर पुष्कळ तीळ होते. हा रोग घराण्यात उतरत असावा, असे मत त्यांनी तेव्हाच मांडले. पुढे १९९४ मध्ये अशा काही घराण्यांतील सदोष जनुकाचा शोध लागला. प्रामुख्याने गोऱ्या लोकांच्या अभ्यासावरून असे दिसते की, आई, वडील, भाऊ, बहीण किंवा अपत्य यांपैकी एकास मेलॅनोमा असल्यास त्या व्यक्तीची जोखीम इतरांच्या सुमारे दुप्पट असते. मेलॅनोमाच्या दर १० रोग्यांपैकी सुमारे एकाच्याच घरी असा इतिहास मिळतो. म्हणजे घरात इतिहास नाही म्हणून निर्धास्त राहणेही बरोबर नाही.

गॉर्लिन विकार हे दुसरे उदाहरण. यात तरुण वयातच बेसल पेशींचे अनेक कर्करोग येतात, जबड्याच्या हाडात पोकळ्या होतात आणि तळहातावर टाचणीच्या टोकाएवढे खड्डे दिसतात. एका घरातील दोन पिढ्यांत जबड्याची शस्त्रक्रिया झाली असल्यास डॉक्टरांना जरूर सांगावे.

घरात आहे, पण रक्तात नाही

आता दुसरी बाजू पाहू. आपल्या ग्रामीण भागात ही बाजू अधिक महत्त्वाची आहे.

पाण्यातील आर्सेनिक : पश्चिम बंगाल व बांगलादेशात कूपनलिकांच्या पाण्यातील आर्सेनिकमुळे लाखो लोकांचे आरोग्य धोक्यात आले. आपल्या गडचिरोली जिल्ह्याला लागून असलेल्या छत्तीसगडमधील अंबागड चौकी परिसरातही भूजलात आर्सेनिक आढळलेले आहे. असे पाणी वर्षानुवर्षे प्याल्यास अंगावर पावसाच्या थेंबांसारखे काळे-पांढरे ठिपके पडतात, तळहात व तळपायांवर कडक पुटकुळ्या येतात आणि पुढे त्वचेचा कर्करोग होऊ शकतो. एकाच घरातील अनेकांना हा त्रास होतो, म्हणून लोक त्याला घराण्याचा रोग समजतात. पिण्याच्या पाण्यात आर्सेनिक लिटरला ०.०१ मिलिग्रॅमपेक्षा जास्त नसावे, असे भारतीय मानक आहे. पाणी उकळून आर्सेनिक निघत नाही, हे लक्षात ठेवावे.

फवारणी : जर्मनीतील मोझेल नदीकाठचे द्राक्ष बागायतदार पूर्वी आर्सेनिकयुक्त कीडनाशके फवारत आणि द्राक्षाच्या चोथ्यापासून केलेले घरचे पेय पीत. त्यांच्यात त्वचेच्या कर्करोगाचे प्रमाण मोठे होते. द्राक्षबागांतील या औषधांवर तेथे १९४२ मध्ये बंदी आली. पण त्यानंतरही कित्येक वर्षे रोगी निघत राहिले.

कंबरेची गाठ : मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयातील ख्यातनाम विकृतिशास्त्रज्ञ डॉ. वसंत खानोलकर यांनी १९४५ मध्ये "धोतराचा कर्करोग" जगाच्या नजरेस आणला. धोतर किंवा लुगडे कंबरेला रोज त्याच जागी करकचून बांधल्याने त्वचा घासते, काळी पडते, सोलते आणि काही वर्षांनी तेथे कर्करोग होऊ शकतो. २०२४ मध्ये वर्धा आणि बिहारमधील मधुबनी येथील डॉक्टरांनी अशा दोन वयस्कर स्त्रियांची नोंद प्रसिद्ध केली. एकीच्या कुशीवरील जखम १८ महिने भरत नव्हती. दुसरी ४० वर्षे लुगडे नेसत होती आणि तिचा रोग जांघेतील गाठींपर्यंत गेला होता. काश्मीरमध्ये पोटाशी कांगडी धरण्याच्या सवयीने होणारा कर्करोगही याच जातीचा आहे.

जुने व्रण : भाजल्याच्या खुणा आणि वर्षानुवर्षे वाहणाऱ्या पायाच्या जखमा यांतही कर्करोग उद्भवतो. भाजल्यानंतर तीस-तीस वर्षांनीही तो होऊ शकतो.

सुनेची कसोटी

रोग रक्तातून आला की राहणीतून, हे पाहण्यासाठी एक साधी कसोटी लावता येते. घरात बाहेरून आलेल्या आणि वीस-पंचवीस वर्षे राहिलेल्या सुनेला तोच त्रास आहे का? आणि लग्न होऊन दुसऱ्या गावी गेलेल्या लेकीला तो आहे का?

सुनेला त्रास आहे आणि दूर गेलेल्या लेकीला नाही, असे असल्यास पाणी, फवारणी, पोशाख यांकडे आधी पाहावे. लेकीला आणि तिच्या मुलांना आहे, पण सुनेला नाही, असे असल्यास आनुवंशिकतेचा संशय घ्यावा. मात्र सून नात्यातीलच, मामाच्या घरची असेल तर ही कसोटी पुरेशी ठरत नाही. ही कसोटी निदानासाठी नाही. डॉक्टरांना नेमकी माहिती देण्यासाठी आणि पाण्याची तपासणी वेळेवर करून घेण्यासाठी तिचा उपयोग करावा.

कुटुंबाचा तक्ता

आपल्याकडे वंशावळ जमिनीच्या वारसनोंदीसाठी काढतात. भाट किंवा हेळवी यांच्या चोपड्यांतही घराण्याची नावे असतात. परंतु या वंशावळीत बहुधा वडिलांकडील पुरुषच असतात. आजाराच्या वंशावळीत आईचे माहेर तेवढेच महत्त्वाचे आहे. वहीच्या एका पानावर पुढीलप्रमाणे तक्ता करावा.

१) तीन पिढ्या घ्याव्यात : आजी-आजोबा (दोन्हीकडचे), आई-वडील व त्यांची भावंडे, आपण व आपली भावंडे. मुले-नातवंडे असल्यास त्यांचीही भर घालावी.

२) लहानपणी वारलेल्या मुलांची नोंद वगळू नये.

३) प्रत्येकापुढे आजार, अवयव आणि आजार सुरू झाल्याचे वय लिहावे. "कॅन्सर" एवढेच न लिहिता कोठे झाला ते लिहावे. तोंडाचा किंवा गर्भाशयाचा कर्करोग आणि त्वचेचा कर्करोग यांचा हिशेब वेगळा असतो.

४) नात्यातील लग्न असल्यास तशी खूण करावी.

५) कोण कोणत्या गावी राहिले, कोणत्या विहिरीचे पाणी प्याले, काम कोणते केले हे थोडक्यात लिहावे.

६) दवाखान्याचे जुने कागद, विशेषतः तुकडा तपासणीचा अहवाल, जपून ठेवावा.

पुढील बाबी आढळल्यास कुटुंबातील इतरांनीही त्वचारोगतज्ज्ञाकडून तपासणी करून घ्यावी : दोन किंवा अधिक जवळच्या नातलगांना त्वचेचा कर्करोग, चाळिशीच्या आत झालेला त्वचेचा कर्करोग, एकाच व्यक्तीला वेगवेगळ्या जागी अनेक कर्करोग, आणि अल्बिनिझम किंवा झिरोडर्मा असलेले मूल.

काय पाहावे

महिन्यातून एकदा आंघोळीनंतर चांगल्या उजेडात सर्व अंग पाहावे. पाठ घरातील दुसऱ्याने पाहावी.

• चार आठवड्यांत न भरणारी किंवा भरून पुन्हा उघडणारी जखम.
• तिळाचा आकार एका बाजूला वाढणे, कडा वेड्यावाकड्या होणे, एकाच तिळात दोन-तीन रंग दिसणे, रक्त येणे.
• खालच्या ओठावर सतत सोलणारा पांढरट चट्टा.
• जुन्या व्रणावर नवी गाठ, फुलकोबीसारखी वाढ किंवा दुर्गंधी.
• कंबरेच्या गाठीच्या जागी जाड, काळी, खरबरीत त्वचा व त्यात चीर.
• तळपाय, तळहात किंवा नखाखाली नवा काळा डाग किंवा पट्टा.

शेवटचा मुद्दा आपल्यासाठी महत्त्वाचा आहे. भारतीय लोकांत मेलॅनोमा बऱ्याचदा तळपायावर किंवा नखाखाली होतो. त्याचा उन्हाशी संबंध नसतो. शेतकरी त्याला रुतलेला काटा किंवा कुरूप समजून ब्लेडने कोरत बसतात आणि मोलाचे महिने वाया जातात. वाढता काळा डाग कोरू नये, दाखवावा.

खबरदारी

१) सर्वांसाठी : सकाळी १० ते दुपारी ३-४ या वेळेत ऊन सर्वांत प्रखर असते. शक्य ती कामे सकाळी लवकर किंवा उन्हे कलल्यावर करावीत. पूर्ण बाह्यांचा सदरा वापरावा. गांधी टोपीने कान व मान झाकली जात नाही. त्यासाठी उपरणे किंवा रुंद काठाची टोपी घ्यावी. शेतात पायताण वापरावे.

२) परकर, धोतर, लुगडे यांची गाठ सैल बांधावी व जागा बदलत राहावी. अरुंद नाडीऐवजी रुंद पट्टी लावावी.

३) तळहात-तळपायावर पुटकुळ्या असलेले दोन-तीन रोगी एकाच वस्तीत दिसल्यास आरोग्य केंद्रात कळवावे आणि पाणी आर्सेनिकसाठी तपासून घ्यावे.

४) अल्बिनिझम असलेल्या मुलांसाठी : अंग झाकणारे दाट विणीचे कपडे, टोपी, गडद चष्मा आणि उघड्या भागावर एसपीएफ ३० किंवा अधिक क्षमतेचे मलम नेहमी वापरावे. शाळेत त्यांना पहिल्या बाकावर, खिडकीपासून दूर बसवावे आणि दुपारच्या कवायतीतून सूट मागावी. ही मुले बुद्धीने कोठेही कमी नसतात. त्यांना उन्हातील मजुरीऐवजी सावलीत करता येणारे शिक्षण व व्यवसाय मिळवून देणे हेच त्यांचे खरे संरक्षण होय. नजर फार अधू असल्यास दिव्यांगत्वाच्या दाखल्यासाठी जिल्हा रुग्णालयात तपासणी करावी.

५) झिरोडर्मा असलेल्या मुलांना दिवसाचे ऊन पूर्ण टाळावे लागते. खिडकीच्या काचेतूनही काही अतिनील किरण येतात. ऊन बंद असल्याने ड जीवनसत्त्वाची गोळी डॉक्टरांच्या सल्ल्याने द्यावी.

शंका-समाधान

प्रश्न : तुकडा काढून तपासल्याने कर्करोग पसरतो का?
उत्तर : नाही. त्वचेच्या गाठीचा तुकडा तपासल्याशिवाय खात्रीचे निदान होत नाही आणि निदान न झाल्याने जो उशीर होतो त्यात रोग पसरतो.

प्रश्न : चामखिळीला घोड्याचा केस बांधणे, बिब्बा किंवा चुना लावणे, डाग देणे योग्य आहे का?
उत्तर : नाही. त्याने जखम होते, खरे स्वरूप झाकले जाते आणि निदानाला उशीर होतो.

प्रश्न : वडिलांना त्वचेचा कर्करोग होता. मला होणारच का?
उत्तर : नाही. जोखीम वाढते, पण रोग होतोच असे नाही. वडिलांचा रोग जुन्या व्रणात किंवा कंबरेच्या गाठीच्या जागी झाला असेल तर तो रक्तातून आपल्याकडे येत नाही. त्यांची सवय मात्र आपल्यात आली आहे का ते पाहावे.

प्रश्न : हा रोग एकाकडून दुसऱ्याला लागतो का?
उत्तर : नाही. रोग्याची भांडी, कपडे, अंथरूण वेगळे ठेवण्याची गरज नाही.

प्रश्न : उपचाराचा खर्च झेपेल का?
उत्तर : लहान असताना बहुतेक त्वचेचे कर्करोग एका छोट्या शस्त्रक्रियेने पूर्ण बरे होतात. प्रथम प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवून शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या त्वचारोग विभागाची चिठ्ठी घ्यावी. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगावरील उपचारांचा समावेश आहे. तेथे जाताना शिधापत्रिका व आधार कार्ड बरोबर न्यावे.

समारोप

त्वचा हा उघड्या डोळ्यांनी दिसणारा अवयव आहे. त्यामुळे तिचा कर्करोग लवकर ओळखणे इतर कर्करोगांपेक्षा सोपे आहे. कुटुंबातील इतिहास माहीत असेल तर कोणाकडे, कोणत्या जागी आणि किती वेळा पाहायचे हे ठरवता येते. येत्या सणाला घरची सर्व माणसे एकत्र जमतील तेव्हा वडीलधाऱ्यांना, विशेषतः आजी, आत्या व मावशी यांना, विचारून वर दिलेला तक्ता पूर्ण करावा. त्याची एक प्रत लग्न होऊन गेलेल्या लेकींनाही द्यावी आणि दवाखान्यात जाताना ते पान बरोबर न्यावे.